मनातलं विचारणारी

कोल्हापुरात माझ्या मैत्रिणीने ज्याला मनातलं काही विचारलं नाही असा माणूस सापडलाच, तर तो बदली होऊन त्याच दिवशी गावात आलेला असणार, याबद्दल मला शंका नाही. बाकी सगळ्यांना तिने कधी ना कधी गाठलेलं होतं. टांगेवाला, दूधवाला, देवळापुढची फुलवाली, आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक, माझी आत्या, कुणीच सुटलं नाही. इतर बायका नव्या माणसाला गाव, आडनाव आणि भावंडं विचारतात. ती यातलं काही विचारत नसे, कारण ते तिला आपोआप कळतच असे. तिचे प्रश्न निराळे. तुम्हाला सगळ्यात कशाची भीती वाटते? लहानपणी काय व्हायचं होतं? एक दिवस कुणी काहीच काम सांगितलं नाही तर काय कराल? आणि हे सगळं, दुसऱ्या कुणी किती वाजले म्हणून विचारावं, तितक्या सहज.

मला प्रश्नांचा मुळातच शीण येतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सिस्टरनी विचारलं तर उभं राहून उत्तर द्यायचं आणि न विचारता तोंड उघडायचं नाही, हे मी इतकं नीट शिकले की पुढे विचारलं तरी बोलणं जड जाऊ लागलं. घरात सगळेच बोलणारे, त्यामुळे माझं न बोलणं कुणाला खटकलं नाही. उलट 'मुलगी शांत आहे' असं आत्या चारचौघांत सांगायची, भरतकामाचा रुमाल दाखवावा तसं. अशा मला, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात, लेडीज रूमच्या कोपऱ्यात मी डबा उघडत असताना, एका उंच, सावळ्या, वेण्या वर बांधलेल्या मुलीने नावही न विचारता पहिला प्रश्न केला तो असा:

"काय गं, तुला रडू कधी येतं?"

मी घाबरून म्हणाले, "मला भूक लागली आहे."

"म्हंजे भूक लागल्यावर येतं व्हय?" असं म्हणून तिने आपली अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली. त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत ती मधल्या सुट्टीत आधी माझ्या डब्यात भाकरी टाकायची आणि मग स्वतः जेवायला बसायची. मी रडू नये एवढीच तिची इच्छा होती. मी कधी रडलेही नाही, पण पुष्कळ भाकरी खाल्ली.

ती मूळची कोडोलीची. घरी ऊस आणि म्हशी. शिकायला म्हणून कोल्हापुरात मामाकडे राहायची. आमच्याकडच्या बऱ्याच मुली बोलतात तशी तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची, आणि मी कॉन्व्हेंटची म्हणून मला 'मडम' म्हणायची. तिचा आवाज असा की ती हळू बोलली तरी रस्त्याच्या पलीकडचा माणूस आपल्यालाच हाक मारली म्हणून वळून बघायचा. असल्या आवाजात तिने एकदा संध्याकाळी चौकात, गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढत बसलेल्या दूधवाल्याला विचारलं, "मामा, पुढच्या जन्मी काय व्हायचं तुमास्नी?" धार थांबली. म्हशीनेही मान वळवून पाहिलं. पेले घेऊन उभी असलेली माणसं ताटकळली. "असलं काय इचारतीस गं पोरी धारंच्या टायमाला!" म्हणून तो खेकसला आणि मी शरमेने पदर सावरत पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही दिसताच त्यानेच लांबून हाक घातली. "ए पोरी! म्हसच व्हनार बघ मी. बसायचं, खायाचं, आन् दुसऱ्यानं धुवायचं!" आणि मग जरा आवाज उतरवून, "आता आमच्या मालकिणीला बी इचार की येकदा. मला काय सांगंना ती."

प्राध्यापकांची गोष्ट याहून अवघड. ते विधुर होते आणि वर्गात फळ्याशी बोलायचे. तिने तास संपता संपता उठून विचारलं, "सर, घरी गेल्यावर तुम्ही कुणाशी बोलता?" त्यांच्या हातातला खडू खाली पडला. "हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," असं म्हणून ते निघून गेले. मला वाटलं, आता हिला कॉलेजातून काढतात. पण काही दिवसांनी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्यांनी मला थांबवलं, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, मी पोपट आणला आहे."

तिच्याजवळ राहण्यातली खरी दमणूक अशी की ती उत्तरं खरी मानायची. नुसती मानायची नाही, त्यांच्यामागे कामाला लागायची. एकदा रंकाळ्याकाठी फिरताना तिने मला आवडती भाजी विचारली. माझं डोकं दुखत होतं. समोर एक भाजीवाली बसली होती, तिच्या पाटीत जे दिसलं ते मी सांगितलं. कारलं. संपलं. तेव्हापासून कोडोलीहून येणाऱ्या एस.टी.ने आमच्याकडे कारली येऊ लागली. भरली कारली, कारल्याच्या काचऱ्या, मेथीदाणे घालून कारल्याचं लोणचं. वडील ताटाकडे पाहून म्हणायचे, "हे घरात सुरू कुणी केलं?" मी खाली मान घालून खायची. "तुला आवडतं म्हणून आईनं येल लावलाय परड्यात," असं जिने सांगितलं, तिला आता काय म्हणणार? स्वप्नांचंही तेच. मला स्वप्नं पडत नाहीत असं मी सांगितलं, तर तो तिने आजारच ठरवला. मामीकडून माझी दृष्ट काढवली, हळद घातलेलं दूध पाजलं आणि रोज सकाळी फाटकातूनच ओरडायची, "पडलं काय गं?" शेवटी सुटका व्हावी म्हणून मी एक हत्ती पाहिल्याचं सांगितलं. मग त्या हत्तीच्या पायात साखळी होती का आणि त्याचं तोंड कुणीकडे होतं, यावर आठवडाभर माझी उलटतपासणी झाली. वकिलाची मुलगी मी, पण वकिली तिची.

एकदाच माझ्या तोंडून खरं उत्तर निघून गेलं. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो आणि तिने विचारलं, "मडम, तुला काय करायचंय गं, म्हंजे खरंखरं?" मी म्हणाले, "शिकवायचंय. मुलींच्या शाळेत. बी.ए. करायचं, मग शिक्षिकेसाठी लागते ती बी.टी. आणि एक खोली, जिच्यात खिडकीशी टेबल असेल." बोलून झाल्यावर मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. ती माझ्याकडे वळून बसली.

"घरात सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"कुणी विचारलं नाही."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मला दाखवायला सुरुवात झाली. तिथेही प्रश्नच. स्वेटरची वीण कुठली येते? चकली मोडत नाही ना? जरा चालून दाखव. एका काकांनी माझं इंग्रजी तपासण्यासाठी बिस्किटांच्या डब्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला आणि मी खालच्या पत्त्यापर्यंत आल्यावर "पुरे" म्हणाले. मी पोह्यांच्या बश्या नेत होते, आणत होते आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी दमत होते. शेवटी बेळगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा ओव्हरसियर, घर चांगलं, वडिलांना पसंत. त्यांना लग्नाची घाई होती आणि त्यांनी काढलेला मुहूर्त परीक्षेच्या आधीचा होता. बोलणी जवळजवळ झालीच होती. राहिली होती नुसती साखर वाटायची.

अशा वेळी मुलीजवळ एखादी मैत्रीण बसवायची आमच्याकडे रीत आहे. आत्याने शेजारची एक गरीब गाय ठरवली होती. पण त्या दिवशी ऐन वेळी माझीच मैत्रीण, नवं हिरवं लुगडं नेसून, हातात कारल्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली, आणि पाहुण्यांसमोर आत्याला तिला परत पाठवता येईना. ती येऊन माझ्या शेजारी ऐसपैस बसली. मी मनात म्हटलं, ही आता ओव्हरसियरला त्याची भीती विचारणार. पण ती शहाण्यासारखी ऐकत होती.

मुलाच्या आई म्हणाल्या, "परीक्षेचं काही मनात ठेवू नका हो. आमच्याकडे सुनांना नोकरी थोडीच करायची आहे?" वडील हसले. ओव्हरसियर पोहे खात होते. आत्या साखरेची वाटी आणायला उठली आणि वाटी घेऊन दारात येते तोच शेजारून आवाज आला.

"आत्याबाई, थांबा की जरा. एक ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"पोरीला इचारायचं ऱ्हायलं." आणि रोजच्याच सुरात ती माझ्याकडे वळली. "काय गं मडम, तुला पसंत हाय काय?"

आत्या वाटी धरून तशीच उभी राहिली. मुलाच्या आईंनी चष्मा काढून पुसला, जणू त्यांना ऐकू कमी आलं होतं ते चष्म्यामुळे. सगळे माझ्याकडे बघत होते. प्रश्न टाळण्यासाठी वाटेल ते उत्तर देऊन मोकळं व्हायची मला सवय. आणि या वेळी मोकळं व्हायला 'हो' एवढं एकच अक्षर पुरे होतं. पण मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी 'हो' म्हटलं तर ती तेही खरं मानणार होती. मानून कामाला लागणार होती, लग्नात सगळ्यांच्या पुढे नाचणार होती, आणि ते 'हो' मला जन्मभर, कारल्यासारखं, खाली मान घालून खावं लागणार होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला परीक्षा द्यायची आहे."

माझा आवाज इतका लहान होता की वडिलांनी "काय म्हणाली?" म्हणून विचारलं. तेव्हा ते तिनेच, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा सांगितलं. पाहुणे उठले. ओव्हरसियर तेवढे जाताना मला पाहून किंचित हसले. बहुधा त्यांनाही कुणी विचारलं नसावं.

दार लागल्यावर आत्या तिच्यावर तुटून पडली. "तुला काही अक्कल? कुणी बोलावलं होतं तुला? सोन्यासारखं स्थळ घालवलंस!"

ती खरोखरच गोंधळली होती. "आत्याबाई, आमच्याकडं न्हाईत इचारत पोरीला, ते ठावं हाय मला. पर तुमी शिकल्याली मानसं. वकिलाचं घर. तुमच्यात इचारतच असतील की. आज गडबडीत ऱ्हायलं असंल, म्हणून मी आठवण करून दिली."

आत्या साखरेची वाटी घेऊन आत गेली. वडील खुर्चीत बसून होते, त्यांनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "परीक्षा केव्हा आहे?" वडिलांनी मला माझ्याबद्दल विचारलेला, माझ्या आठवणीतला तो पहिला प्रश्न.

आत्याने तिला घर बंद केलं. मी परीक्षा दिली. तिची राहून गेली, कारण त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. इचलकरंजीला, यंत्रमागवाल्यांच्या घरात. मी हळदीला कोडोलीला गेले होते. ती पाटावर बसून बांगड्या भरणाऱ्या कासाराला त्याचं लहानपण विचारत होती. गर्दी जरा पांगल्यावर मी धीर करून म्हटलं, "तुला कुणी विचारलं?"

"आमच्याकडं न्हाई गं इचारत," ती हसून म्हणाली. "सांगितलं न्हवतं व्हय?"

आता मी शिकवते. मुलींच्या शाळेत आहे, एक खोली आहे, खिडकीशी टेबलही आहे. दिवसभर मीच प्रश्न विचारते, नद्यांचे आणि राजधान्यांचे, आणि मुली उभ्या राहून उत्तरं देतात. संध्याकाळी मला कुणी काही विचारत नाही. हेच तर मला हवं होतं, असं मी स्वतःला सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाऊन आले. तिचं घर मागांच्या शेडला लागून आहे. भिंतीपलीकडे दिवसभर खटखटाट चालू, भांड्यांच्या मांडणीवरचे पेलेही थरथरतात. ती जाड झाली आहे, कडेवर मूल आहे. तो एवढा मोठा आवाज, पण तिथे त्याचाही काही उपयोग नाही. मनातलं काही ओरडून विचारता येत नाही. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, आणि तीही ते शिकली आहे. सासूने लांबून नुसते ओठ हलवले की ही उठून पीठ काढून द्यायची. माझ्याशीही ती तसंच दोन-तीनदा काही बोलली. मला काही कळलं नाही, मी मान हलवली.

मग कामगारांची पाळी बदलली आणि माग थांबले. इतकं शांत झालं की मुलाचा श्वास ऐकू यायला लागला. मी सावरून बसले. आता ती विचारणार. इतक्या वर्षांनी भेटलो आहोत, काहीतरी भलतंच विचारणार.

"च्या टाकू?" ती म्हणाली.

मी थोडा वेळ वाट पाहिली. ती चुलीशी आधण ठेवत होती. आणि मग मी, न विचारताच, बोलायला लागले. की मुली मला आवडतात, पण संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना हात जड होतो. की त्या दिवशीचं 'नाही' मला अजूनही बरोबर वाटतं, फक्त कधी कधी दमायला होतं. की वडील थकले आहेत. की मला कशाची भीती वाटते. पलीकडे माग पुन्हा सुरू झाले. माझा आवाज मलाही ऐकू येईना, पण मी थांबले नाही. तिने आधण उतरवलं, मुलाला खाली ठेवलं, माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली.