विहिरीले पाणी हाय काय?

सोयरीक ठरली होती, लग्न बाकी होतं. तो सीमेवर लढाईत, मी मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावात. लग्नाआधी पोरीच्या नावानं पत्र आलेलं घरात चालत नव्हतं, म्हणून तो बाबांना लिहायचा. बाबांना वाचता येत नव्हतं. मीच मोठ्यानं वाचायची. धान, बैल, आणि शेवटी दरवेळी, "विहिरीले पाणी हाय काय?" मला संताप यायचा. लढाईतून माणूस हेच विचारते काय? बाबा सांगायचे, मी उत्तर लिहायची: "पाणी हाय."

त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच विहिरीवर. हे फार उशिरा माझ्या डोक्यात शिरलं. मग बाबांच्या मजकुराखाली चोरून एक ओळ लिहिली: "विहिरीवर मी वाट पाहीन."

तेवढंच पत्र न फोडता परत आलं.