चुन्याचा ठिपका

धूलकोटला माझं आजोळ. तिथल्या टेकडीवर आई मला चारोळीची फळं वेचायला न्यायची. वरच्या वस्तीत तिची एक मैत्रीण होती. दोघी एका वाकड्या चारोळीखाली बसून भाकरी खायच्या, आणि त्या मैत्रिणीची मुलगी अन् मी काळ्या-जांभळ्या जिभा काढून एकमेकांना वेडावायचो. ते ऊन, ती भाकरी, आईचं ते मोकळं हसणं मला आजही हवं असतं. घरी ती तशी कधी हसली नाही.

ती मुलगी आता आजी झाली आहे. दोन वर्षांपूर्वी ती दापोऱ्याला माझ्या घरी आली. म्हणाली, "भाऊ, टेकडीवर चोरून झाडं कापून राहिले. जंगलखात्याचे साहेब म्हणते, कागदावर सगळी उभी हायेत. तू मास्तर होता ना, तो कागद काढ."

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. टेकडीवरच्या झाडांची यादी आली, आणि सोबत साहेबांचा निरोप: शंका असेल तर तुम्हीच मोजा आणि सही करा. मला चेव आला. गावातले केळीच्या बागा करणारे दोन केळीवाले बरोबर घेतले. झाडं मोजण्यात केळीवाल्याचा हात कोण धरणार? मोजलेल्या प्रत्येक झाडाला चुन्याचा ठिपका द्यायचा, म्हणजे तेच पुन्हा मोजलं जात नाही. डबा माझ्या हातात होता.

इथेच आमची सवय नडली. आमच्याकडे घड उतरला की केळ कापतात, पण बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, वाढत असतं, आणि त्याच पिलावर पुढची बाग धरतात. कापलं म्हणजे गेलं, हे आमच्या डोक्यातच नाही. टेकडीवर कापलेल्या बुंध्याला कोंब दिसला की केळीवाला म्हणायचा, "पील हाय ना, जितं हाय. लावा ठिपका." मी खाली मान घालून लावत गेलो. आकडा यादीशी जुळला. आम्ही सह्या ठोकल्या आणि मी दीडशहाण्यासारखा मिरवत उतरलो.

आठवड्याने आईच्या मैत्रिणीच्या मुलीने मला वर बोलावलं. ती एका बुंध्यावर बसली होती, पायाशी माझा ठिपका.

"भाऊ, झाडावर असं कोणी बसतं का? मी तर बसली हाय."

मी सारवासारव केली. कोंब आहे, वाढेल पुन्हा.

"वाढंल. पण ज्यानं कापलं, त्याला तू सही करून सोडून दिलं ना."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि आमची मोजणी चुकली, सही परत घेतो, असं सांगितलं. साहेब हिंदीत म्हणाले, गुरुजी, कशाला हसं करून घेता? म्हटलं, हसू दे. यादी पंचायतीच्या भिंतीवर लावा आणि वस्तीतल्या बायकांना मोजू द्या. बरीच कुरकुर झाली, पण यादी लागली.

दुसऱ्या मोजणीला चुन्याचा डबा तिच्याकडे आणि वही माझ्याकडे. ती थेट त्याच बुंध्यापाशी गेली.

"पहिलं हे लिही."

"कशाचं झाड?"

"ओळखलं नाही? आपल्या आया इथंच बसायच्या."

मी लिहिलं: चारोळी, एक, कापलेली. मग त्याच बुंध्यावर बसलो आणि रडलो.