वादळं मात्र झकास

त्या पिक्चरखाली लोकांनी मोबाईलवर काय काय लिहून ठेवलंय, ते मी एकदा सगळं वाचून काढलं. पाठ धरली होती म्हणून घरी पडून होतो, दुसरं काम नव्हतं. कुणी लिहिलंय, गोष्टीत काही दम नाही, वादळं मात्र झकास. कुणाला कॉम्प्युटरचं काम जरा स्वस्तातलं वाटलं. एकानं नुसतंच पैसे वसूल म्हणून टाळ्यांची चित्रं टाकलीत. वाचता वाचता माझं डोकंच फिरलं. ह्यांच्यातल्या एकाच्या तरी घरावरचा पत्रा कधी हललाय का? मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं, तिकीट काढलंय तर बोलणारच. मत तर आम्हीही दिलंच होतं. फक्त आमच्या मतांचं पुढं काय झालं, ते तिथं कुणी लिहिलेलं नाही.

मी पॉलीहाऊस उभारणारा माणूस. राहायला तळेगाव ढमढेऱ्याला. पाइप रोवायचे, नटबोल्ट आवळायचे, वर प्लॅस्टिक ताणून बसवायचं, सगळं आमची टोळी करते. त्या प्लॅस्टिकला आमच्याकडं सगळे कागदच म्हणतात. माझी थोरली बहीण, आक्का, नदीपलीकडं राहूला दिलेली. दाजींनी उसाला कंटाळून जरबेऱ्याचं पॉलीहाऊस केलं, तेही मीच उभारून दिलं. दाजींचा सगळा जीव त्या फुलांत. सकाळचा चहासुद्धा कप घेऊन आत जाऊन प्यायचे. माझ्यापेक्षा फुलांशी जास्त बोलतात, असं आक्का म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं. वारं कागदात शिरलं, कागद फुगला आणि अख्खं पॉलीहाऊस पाइपांसकट उपटून शेजारच्या उसात जाऊन पडलं. दाजींनी परत उभं केलं. म्हणजे मीच केलं, पण खरं सांगायचं तर उभं राहिलं ते फक्त पॉलीहाऊस. माणूस काही जाग्यावर आला नाही. दुपार कलली की ओट्यावर बसून नुसतं आभाळाकडं बघायचं. जेवता जेवता उठून बाहेर जायचं. कुठं पत्रा वाजला की अनवाणी पळायचं. बोलणं तर जवळपास बंदच.

आक्काचा फोन आला. "तुझ्या दाजींना कुठंतरी घिऊन जा रं. आसंच चाललं तर मानूस खुळा व्हईल."

मग मी हडपसरला पिक्चरची तिकिटं काढली. दाजी, आक्का, माझी बायको आणि मी. पोस्टरवर एक जीप होती, धुरळा होता आणि पळणारी माणसं होती. मला वाटलं, मारामारीचा असेल. परदेशी पिक्चर, हिंदीत बोलणारा. दिवे गेले, आभाळ काळं झालं आणि ढगातून एक लांबलचक सोंड खाली उतरायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, मेलो. वादळापासून लांब न्यायचं म्हणून ज्याला आणला, त्याला मी वादळाच्याच पुढ्यात आणून बसवला होता. आक्कानं अंधारातून माझ्याकडं असं बघितलं की घरी माझी काही खैर नव्हती.

दाजी उठून जातील म्हणून मी वाट सोडून बसलो. पण ते उठले नाहीत. पुढं सरकून समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बघत होते.

पिक्चरमधली माणसं कामधंदा सोडून वादळाच्या मागं जीप पळवतात. जीपमध्ये मशिनं. त्यात बघून एक बाई ओरडते, डावीकडं घे, आणि वादळ वळायच्या आत ही वळतात. गोठे उडतात, ट्रक उडतात, पेट्रोल पंप उडतो. आमच्या मागच्या रांगेतला एकजण दर खेपेला बायकोला सांगत होता, हे सगळं कॉम्प्युटरवर करतात. ती बिचारी हो हो म्हणत होती. मला मागं वळून म्हणावंसं वाटलं, बाबा, कळलं तिला, आता बस.

येताना यवतला ढाब्यावर जेवायला थांबलो आणि तिथं आमची मतं सुरू झाली. माझी बायको म्हणाली, एवढ्या वाऱ्यात त्या बाईचे केस विस्कटत कसे नाहीत, मी एसटीच्या खिडकीला बसले तरी माझं बुजगावणं होतं. आक्काला त्या लोकांच्या घरादाराची काळजी. ह्यांच्या घरी म्हातारंकोतारं, गुरंढोरं कुणी आहे का नाही, उठलं की निघालं वादळामागं. मी माझ्या धंद्याचं बोललो. जे गोदाम उडालं त्याला पायाच नव्हता, असलं काम मी केलं असतं तर शेतकऱ्यानं मला चपलेनं मारलं असतं. आणि म्हटलं, वादळ थांबलं की ह्यांचा पिक्चर संपतो. दुसऱ्या दिवशी चिखलातनं वाकडे पाइप कोण उचलतं, ते दाखवायला नको? सगळे हसले. कितीतरी दिवसांनी आक्का हसली.

दाजी भाकरी मोडत होते. मग म्हणाले, "त्येंना आधी कळतंय. आपल्याला कळत न्हाई म्हनून आपलं जातंय."

त्यांना काय म्हणायचंय ते मला लगेच समजलं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोठं वादळ येणार असेल तर पॉलीहाऊसचा कागद आपणच कापून टाकायचा. कागद पाइपांना अडकवलेल्या स्प्रिंगा काढून तो उतरवत बसायला वेळ नसतो. कागद कापला की वारं आरपार निघून जातं आणि सांगाडा वाचतो. कागद काय, नवा टाकता येतो. हे मी दर शेतकऱ्याला सांगतो, दर शेतकरी मान हलवतो, आणि करत कुणी नाही. स्वतःच्या हातानं स्वतःचं फाडायचं, हे बोलायला सोपं आहे.

त्या पिक्चरनंतर दाजी बदलले, आणि चांगले बदलले. मोबाईलवर ढग दाखवणारं ॲप घेतलं. हिरवा डाग म्हणजे पाऊस, लाल म्हणजे काही खरं नाही. आभाळाकडं बघणं सुटलं, मोबाईलकडं बघणं लागलं, पण निदान माणूस बोलायला लागला. आज बारामतीकडं हाय, आपल्याकडं न्हाई, असा दुपारी फोन यायचा आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. मी त्यांना हवामान खातं म्हणून चिडवायचो. गावातले लोक कांदा काढायच्या आधी त्यांना विचारून जायला लागले. जेवण अंगी लागायला लागलं. एक धारदार कटर त्यांनी पॉलीहाऊसच्या दारात दोरीनं बांधून ठेवला होता, पण तो बघून भीती वाटायची नाही. उलट धीर यायचा. मलासुद्धा वाटलं, चला, दाजी परत फुलांत आले.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी तळेगावातच एका कामावर होतो. दाजींचा फोन आला. दौंडकडून मोठा लाल डाग निघालाय, सरळ राहूवर येतोय. सरकारी मेसेजही आला होता, सावध राहा म्हणून. आवाज अगदी शांत होता. म्हणाले, "कापतो."

मी म्हटलं, दाजी, जरा डोळ्यांनी आभाळ तर बघा.

"डोळ्यानं दिसूस्तर उशीर झाल्याला आस्तो," ते म्हणाले. "मागच्या टायमाला त्येच झालं."

मीच शिकवलेलं ते मला सांगत होते आणि बरोबर सांगत होते.

पुढचं आक्कानं सांगितलं. ती नको नको म्हणत होती आणि शिडीही तिनंच धरली होती. दाजी वर चढले, छपराच्या पन्हळीवरून, आम्ही तिला गटर म्हणतो, चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद चिरत गेले. ताणलेला कागद कापताना केवढा आवाज होतो, ते मला माहीत आहे. प्रत्येक पट्टा सुटला की खाली फुलांवर ऊन पडायचं. सगळं कापून झाल्यावर दोघं ओट्यावर येऊन बसले आणि वादळाची वाट बघत राहिले.

आभाळ काळं झालं, थोडं वारं सुटलं. आणि ते ढग नदीवर येऊन वळले, पलीकडं शिरूरच्या बाजूला निघून गेले. तळेगावात आम्ही गारा चुकवायला टेम्पोखाली शिरलो होतो. राहूला दोरीवरचे कपडेसुद्धा पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल घेऊन गेलो. मे महिन्याचं उघडं ऊन जरबेऱ्याला सोसत नाही. पानं कडेनं करपली होती, फुलं माना टाकून पडली होती. वर कागदाच्या चिंध्या लोंबत होत्या. बांधावर पंधरा-वीस माणसं जमलेली. तिथंही मतं चालली होती. एक म्हणाला, अर्धा तास दम धरायला पाहिजे होता. दुसरा म्हणाला, ही ॲपं सगळी फसवी. एकाला कुठून तरी पिक्चरचं कळलं होतं. पिक्चर बघून कुणी आपलं घर मोडतं का, असं तो दाजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. एकजण तर मोबाईलवर शूटिंग करत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय बघताय रं?" मी म्हटलं. "तिकिटं काढून आलाय का?"

हळूहळू पांगले सगळे. पहिल्या वादळानंतर हीच माणसं येऊन दाजींजवळ बसली होती. कुणी भाकरी आणली होती, कुणी पाइप काढायला हात लावला होता. ह्या वेळी एकजणही ओट्यावर टेकला नाही. पंचनाम्याला आलेला माणूसही आला तसा गेला. बोलायला मऊ होता, पण म्हणाला, हा कागद कापलाय, फाटलेला नाही, आणि गावात वादळ झालंच नाही, तर मी लिहू काय? त्याचंही बरोबरच होतं. त्या दिवसांत ज्याला त्याला विचारावं, त्याचं बरोबर होतं. दाजींचंही बरोबर होतं. म्हणून तर जास्त राग यायचा, कारण तो काढायचा कुणावर तेच कळत नव्हतं.

संध्याकाळी मी दाजींना म्हटलं, फुलांचे बेड शाबूत आहेत, पाइप शाबूत आहेत. नुसता कागद टाकायचाय. माझी टोळी चार दिवसांत टाकून देईल, मजुरीचं नाव काढू नका.

"आन् परत लाल दिसलं तर?" त्यांनी विचारलं. "तवा मी काय करू? कापू का नको कापू? ह्येचं उत्तर दे, मग टाक कागद."

मी आक्काकडं बघितलं. तिनं खाली बघितलं. पॉलीहाऊसच्या धंद्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण कागदाचं नाव मी परत काढलं नाही.

पाऊसकाळ सुरू व्हायच्या आत त्यांनी मलाच सांगाडा खोलायला लावला. मी आवळलेले बोल्ट मीच सोडवले. एकदोन गंजून बसले होते, त्यांना पाना लावताना मला रडू फुटलं आणि घाम पुसतोय असं दाखवत मी तोंड पुसलं. आक्का स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. त्या जागेत आता मका आहे. दाजी तिकडं फिरकत नाहीत, पाणीसुद्धा आक्काच धरते. ॲप काढून टाकलं. वारं सुटलं तरी आता बाहेर येऊन बघत नाहीत, आणि आक्का म्हणते, त्यापेक्षा ते पळायचे तेच बरं होतं.

दिवाळीनंतर एकदा बाजारच्या दिवशी दाजी तळेगावला माझ्या घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मला तुझ्या टोळीत घेतो का?"

थोरल्या बहिणीचा नवरा आमच्याकडं काय मानाचा असतो, हे काय सांगायला पाहिजे? त्यांनी दारात पाऊल टाकलं की आम्ही उठून उभं राहतो. मी म्हटलं, दाजी, काहीतरी काय बोलताय. पण ते थट्टा करत नव्हते. घरात बसून भिंती अंगावर येतात, म्हणाले. बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि तिनंच मला खुणेनं सांगितलं, हो म्हण.

तेव्हापासून ते माझ्याबरोबर असतात. वादळ कुठं झालं की दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन येतात आणि टेम्पो भरून आम्ही तिकडं निघतो. दाजी कामाला चोख. बाकीची पोरं त्यांना मामा म्हणतात. फुलं असलेल्या पॉलीहाऊसमध्ये काम निघालं तर ते वरचं काम मागून घेतात, खाली उभे राहत नाहीत.

गेल्या महिन्यात यवतच्या पुढं एका तरुण शेतकऱ्याच्या पॉलीहाऊसवर कागद टाकत होतो. त्याचं पहिलंच. मोठ्या हौसेनं खाली फिरत होता, मोबाईलवर फोटो काढत होता. सगळ्यांत वयस्कर दाजी दिसले म्हणून शिडीखाली येऊन त्यांनाच विचारलं, "मामा, मोठं वादळ आलं तर आपनच कागद कापून टाकायचा म्हनत्यात. खरं हाय का वो?"

पोरांचे हात थांबले. त्यांना सगळं ठाऊक आहे. दाजींनी त्याच्याकडं बघितलं नाही.

"त्यो मुकादम हाय, त्येला इचारा," ते म्हणाले. "मी कामाचा गडी हाय."

तो शेतकरी माझ्याकडं वळला. दर शेतकऱ्याला सांगतो तेच मी त्यालाही सांगितलं, हो, कापायचा, सांगाडा वाचतो. त्यानं मान हलवली. दाजींनी खाली हात केला आणि पुढची स्प्रिंग मागितली.