एक ओळ आणि कांद्याची पिशवी
कांद्याच्या सुक्या टरफलांचा वास आला की मला देवळ्याचा तो प्रोग्रामर आठवतो; संगणकाला डिस्क चालवता यावी म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तो लिहायचा. आमच्या नाशिकच्या ऑफिसात संगणक-प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मी सांभाळायचो. तिथे एका सकाळी त्याने माझ्या टेबलाखाली कांद्याची पिशवी ठेवली आणि लगेच म्हणाला, "सर, कर्नलमधलं एक फंक्शन माझ्या डिस्कच्या मॉड्यूलला खुलं करून द्या ना. एकच ओळ हाय." डिस्क बंद होण्याआधी राहिलेला डेटा लिहून टाकणारं ते कर्नलच्या आतलं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा; मी परवानगी दिल्याशिवाय बाहेरून जोडलेल्या ड्रायव्हरला, म्हणजे त्याच्या मॉड्यूलला, ते वापरता येत नसे. माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी कांदे, मग मागणी? आज एक मागतोय, उद्या दहा मागेल. तो कारण समजावत होता आणि मी पिशवीकडे बघत होतो. नाही म्हणालो. तो न भांडता गेला, याचाही मला संशय आला. पुढे त्या फंक्शनमधली एक चूक आम्ही कर्नलमध्ये दुरुस्त केली, तरी त्याच चुकीने त्याचा ड्रायव्हर वापरणाऱ्या एका दवाखान्याचे एक्स-रे डिस्कवरून नाहीसे झाले. मी त्याचा कोड उघडला. नाकारलेलं फंक्शन त्याने जसंच्या तसं आपल्या मॉड्यूलमध्ये उतरवलं होतं, जुन्या चुकीसकट. "तुम्ही दिलं नाही, मग काय करणार?" तो म्हणाला. "आणि ते कांदे?" मी विचारलं. तो गोंधळला. "घरचे होते सर. सगळ्यांनाच दिले होते." फंक्शन खुलं करणारी ती ओळ मी त्याच दुपारी लिहिली, मिनिटही लागलं नाही. आजही कोणी घरी कांदे पाठवले की मी आधी विचारतो, आणखी कोणाकोणाला पाठवलेत?