पोह्यांच्या डब्यातलं घड्याळ

फुनाबोरीत राहणाऱ्या नीलकंठ आगाशेच्या घरी भिंतीवरचं घड्याळ रोज झोपायच्या वेळी पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात जाई. वर घट्ट झाकण.

घड्याळ रेडिओवर चालणारं. दूरच्या मनोऱ्याचा सिग्नल पकडून रात्रीतून आपोआप बिनचूक होणारं. कावासाकीच्या ऑफिसातल्या मोरिता-साननी भेट दिलेलं, म्हणून काढताही येईना. आणि नीलकंठला घड्याळ दहा मिनिटं पुढेच लागे. सांगलीला वडिलांनी तसंच ठेवलं होतं. तो संध्याकाळी काटे पुढे करी. सकाळी घड्याळ सुधारलेलं असे. हा सवयीने दहा वजा करून निघे आणि गाडी चुके. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा झालं तर करार संपला, पुण्याला परत, असं मोरिता-साननी अतिशय नम्रपणे सांगितलं. मग डबा निघाला. स्टीलमधून सिग्नल जात नाही.

"दहा वजाच करायचे, तर पुढे ठेवतोस कशाला?" बायको यामिनी विचारी.

"हाताशी असलेली बरी."

"वजा केल्यावर उरतात कुठे?"

यावर नीलकंठ झाकण लावी.

करार वाढवण्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी यामिनीने चिवडा केला आणि तोच डबा भरला. नीलकंठ काटे पुढे करून, घड्याळ डब्यात ठेवायला तिला सांगून लवकर झोपला होता. घड्याळ भिंतीवरच राहिलं. सकाळी त्याने दहा वजा केले, निवांत दुसरा चहा घेतला आणि स्टेशनवर गाडीची पाठ पाहिली.

"अगं, घड्याळ डब्यात नव्हतं?" त्याने फोनवर विचारलं.

"मग चिवडा काय घड्याळात भरू?"

ऑफिसात मोरिता-साननी पेन उघडलं. "कारण?"

"घड्याळ बरोबर होतं."

पेन थांबलं. "आगाशे-सान, बरोबर घड्याळामुळे उशीर झाला?"

"हो. चुकलेलं असतं तर वेळेवर पोचलो असतो."

त्याने डब्यासकट सगळं सांगितलं. मोरिता-सान हसले नाहीत. त्या ऑफिसात कारण सापडलं आणि उपाय ठरला की प्रकरण मिटत असे.

"उपाय?"

"चिवड्याला वेगळा डबा."

करार वर्षभर वाढला. अट एकच: रोज डब्यात ठेवलेल्या घड्याळाचा फोटो पाठवायचा.

पहिला फोटो त्याच दिवशी गेला. लगेच उत्तर आलं: "डबा योग्य आहे. मात्र घड्याळ दहा मिनिटं पुढे दिसतं. कृपया दुरुस्त करून फोटो पुन्हा पाठवावा."

नीलकंठने काटे मागे घेतले, फोटो पाठवला, काटे पुन्हा पुढे केले आणि झाकण लावलं.