रजईतलं अस्वल

ध्रुवीय अस्वलाच्या बापाला पिल्लं वाढवताना काडीचंही काम नसतं, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी रजई फाडून बसलो होतो.

झालं असं, की आमच्या मुक्ताला, सातवीतल्या, शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय मिळाला, 'ध्रुवीय अस्वलाचे जीवनचक्र'. (अकोल्यात! मार्चमध्ये! जिथं माणसाचंच जीवनचक्र एका कूलरपासून दुसऱ्या कूलरपर्यंत!) तिची आई, रेखा, दिवाळीआधीच गेली. त्यामुळे हे खातं माझ्याकडे आलं होतं. "तुमचं एक काम पुरं होईन तर शपथ," असं रेखा म्हणायची. म्हटलं, आता दाखवूच तिला. मुक्ता ट्यूशनहून यायच्या आत अस्वल उभं!

तारेचा सांगाडा झाला. कापूस हवा होता. औषधाच्या दुकानातला गुंडाळा एका पंजालाही पुरला नाही. मग कपाटावरच्या पेटीत एक विटकी रजई सापडली. विळीवर टरकावली. काय कापूस निघाला! डिंक थापत सुटलो. शेजारच्या काकू डोकावल्या.

"भाऊ, अस्वल करून राहिले का म्हैस?"

"मादी हाय काकू. चरबी साठवून बसली!"

तेवढ्यात मुक्ता आली. अस्वलाकडे तिनं पाहिलंच नाही. खाली पडलेली रिकामी खोळ उचलली.

"बाबा, आईची रजई होती ना हे. माह्या बारशाले तेल्हाऱ्याच्या आजीनं भरून देल्ली होती."

"लय जुनी झाली होती वं..."

"आईचा वास होता तिले. म्हणून मी पेटीत लपवली होती. मले इचारलं काहून नाही?"

मी घाईघाईनं कापूस उपटू लागलो. डिंक वाळलेला. अस्वलाचा कान हातात आला, रजई काही आली नाही. मग अस्वलाला स्कूटरवर बसवून पिंजाऱ्याकडे नेलं. त्यानं पाठ दाबून पाहिली.

"भाऊ, हे पिंजलं तं माही मशीन मरते."

परतताना लोक फोटो काढत होते. मी रडत होतो. हेल्मेट होतं म्हणून बरं!

प्रदर्शनात मॅडमनी विचारलं, "बर्फाच्या गुहेत पिल्लं असताना आई काय खाते?"

"काहीच नाही. महिनोन्‌महिने उपाशी राहून दूध पाजते."

"आणि बाप?"

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. "तो तिथं नसतेच मॅडम. असता तं गुहा फाडून ठेवली असती."

मॅडम हसल्या. मीही हसलो. बक्षीस मिळालं नाही.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अस्वल मात्र तिच्या पलंगावर गेलं. परवा दुपारी पाहतो तर त्याच्या पोटाशी तोंड खुपसून पडलेली.

"डिंक टोचत असन ना वं?" मी भीत भीत विचारलं.

"पोटाखाली तुमी डिंक लावाले विसरले बाबा. नुसताच कापूस कोंबला." तिनं पुन्हा नाक खुपसलं. "तिथं येते वास."

म्हणजे रेखाचंच खरं. हेही काम पुरं झालं नव्हतं. पण उभ्या जन्मात मी अर्धवट सोडलेल्या शेकडो कामांपैकी कुणाच्या उपयोगी पडलेलं हे पहिलंच!