पाहुण्यांच्या बाथरूममधले मासे

माझा नवरा नागपूरचा. समुद्र त्याने पहिल्यांदा नीट पाहिला तो आमच्या लग्नात, कारण माझं माहेर रत्नागिरीजवळ. पंगत बसायची वेळ झाली तरी नवरदेव सापडेना. शेवटी तो किनाऱ्यावर सापडला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडकांतल्या डबक्यात वाकून बघत होता. माझ्या वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘नोकरी नक्की सरकारी आहे ना?’

नोकरी सरकारीच होती आणि तिच्यापायी आम्ही लखनौला आलो. मला इथल्या एका प्रयोगशाळेत मलेरियाच्या परजीवींवर काम मिळालं. जानकीपुरममध्ये घर झालं, मुलगी झाली, ती मराठी ऐकून हिंदीत उत्तरं देत कॉलेजात पोचली. आणि मग, माणसं बीपीच्या गोळ्या सुरू करतात त्या वयात, नवऱ्याने हॉलमध्ये समुद्र आणला.

त्याला फिशटँक म्हटलेलं चालत नाही. ती रीफ आहे. भिंतभर काचेची टाकी, आत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी क्लाउनफिश आणि एक बोटाएवढा, काळपट निळा, कायम चिडलेला डॅमसेल. दर रविवारी तो बाल्कनीत बादल्या मांडून आरओच्या पाण्यात समुद्री मीठ ढवळत बसतो. शेजारच्या भाभींनी एकदा मला विचारलं, ‘भाईसाहब अचार डाल रहे हैं क्या?’ मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला जास्त वेळ लागला असता.

दोन वर्षांपूर्वी, ऐन डिसेंबरच्या धुक्यात, त्याने एक निळा टँग मागवला. हा मासा विमानाने येतो, थर्मोकोलच्या पेटीत, हवा भरलेल्या पिशवीतून. विमान धुक्यामुळे रखडलं आणि नवरा अर्धा दिवस अमौसी विमानतळावर कार्गोच्या दारात थंडीत उभा राहिला. मी परिषदेहून परतते तेव्हा तो मला ‘कॅब कर ना’ असा मेसेज पाठवतो. असो.

मासा खरोखर देखणा होता. मी एवढंच म्हटलं, ‘थोडे दिवस वेगळा ठेव. आमच्याकडे नवीन उंदीर आले तरी आधी वेगळे ठेवतात.’

‘हे उंदीर नाहीत,’ तो म्हणाला. ‘विकणारा ओळखीचा आहे.’

ओळखीच्या माणसाचा मासा थेट टाकीत गेला. आठवडाभरात त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले, कुणी चिमूटभर मीठ भुरभुरावं तसे. मग तो दगडाला अंग घासायला लागला. मी म्हटलं, हा परजीवी आहे. नवरा म्हणाला, ‘तुझा विषय माणसांचा.’ आणि तो इंटरनेटवरच्या मत्स्यप्रेमींच्या फोरमवर गेला. तिथल्या कुणीतरी लसूण सांगितला.

त्यानंतर आमच्या घरात माशांसाठी लसूण ठेचला जाऊ लागला. ज्या माणसाने आयुष्यात कधी भाजीला फोडणी दिली नाही, तो मन लावून लसणाचा रस गाळून खाण्यावर शिंपडत असे. चार-पाच दिवसांत ठिपके गेले. नवऱ्याने ऑफिसातून येताना इमरती आणली. डबा ज्या पद्धतीने माझ्यापुढे केला त्यात सगळं आलं होतं.

मी इमरती खाल्ली आणि मग सांगितलं, ‘ते गेलेले नाहीत. पोट भरलं म्हणून गळून पडलेत. आता दगडावर, वाळूत कवच करून बसतील, आत त्यांची शेकड्यांनी पिल्लं होतील आणि ती पिल्लं बाहेर पडून मासे शोधतील.’

‘तुला कुणाचं बरं झालेलं बघवतच नाही,’ तो म्हणाला.

ते परत आले तेव्हा टँगचं अंग पिठात घोळल्यासारखं झालं होतं आणि क्लाउनफिशच्या कल्ल्यांवरही ठिपके होते. एका सकाळी टँग पंपाच्या बाजूला आडवा पडलेला दिसला.

नवरा त्याला ओंजळीत घेऊन उभा होता. मी जे केलं ते सवयीने केलं. मुलीचा शाळेतला मायक्रोस्कोप माळ्यावरून काढला, माशाच्या कातडीवरून काच हलकेच फिरवली आणि बघितलं. दिसला. चांगला मोठा, गोल, अंगभर बारीक केस, आणि तो जागच्या जागी सावकाश गिरक्या घेत होता. माझं सगळं आयुष्य परजीवी जगवण्यात गेलंय. आमच्याकडे ते मेले तर काम थांबतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काय सुंदर आहे.’

मान वर केली तर नवरा माझ्याकडे बघत होता. त्याने मासा रुमालात गुंडाळला आणि खाली कुंडीत पुरला. मुलगी म्हणाली, ‘मम्मा, थोड़ा तो सोच लिया करो यार.’

रात्री जेवताना त्याने वरणभाताकडे बघत विचारलं, ‘मग आता काय करायचं?’

लग्नानंतर इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने मला पहिल्यांदाच विचारला होता, आणि त्यावर ऐकवण्यासारखं माझ्याकडे खूप काही साठलेलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी फक्त औषध सांगितलं. आणि गंमत म्हणजे ते मलाही पुरतं माहीत नव्हतं, दोघांनी बसून वाचलं. उरलेले मासे बाहेर काढून वेगळ्या पाण्यात ठेवायचे, त्यात तांब्याचं औषध मोजून घालायचं, ते महिनाभर तेवढंच ठेवायचं. पोहती पिल्लं त्यात मरतात. मोठ्या टाकीत तांबं घालायचं नाही, त्याने प्रवाळ मरतात. ती टाकी दोन-अडीच महिने माशांवाचून ठेवायची, म्हणजे तिथली पिल्लं मासा न मिळाल्याने उपाशी संपतात.

‘पकड तू,’ नवरा म्हणाला. ‘कोकणातली आहेस.’

‘आमच्याकडे मासे यायचे ते टोपलीतून, मेलेले.’

आख्खा रविवार गेला. सगळे दगड बाहेर काढावे लागले, प्रवाळ बादल्यांत, हॉलभर पाणी, आणि डॅमसेल शेवटपर्यंत जाळीला चावत होता. संध्याकाळी तिन्ही मासे निळ्या प्लॅस्टिकच्या टबात, हीटर आणि हवेच्या नळीसकट, पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पोचले. तेवढीच जागा रिकामी होती. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा नागपूरहून फोन आला की मी येतेय, महिनाभर राहीन.

ताई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या निवृत्त झाल्यात, हे अजून सगळ्यांच्या ध्यानात आलेलं नाही, त्यांच्याही. सामान ठेवून त्या हातपाय धुवायला गेल्या आणि दारातूनच परत आल्या.

‘काहून रे, तुझे मासे आंघोळ करून राहिले का?’

‘आजारी आहेत, ताई.’

‘मग मी कुठं जाऊ?’

‘टबाच्या पलीकडे जागा आहे. फक्त गीझरचं पाणी त्यात उडू देऊ नकोस. आणि साबण नको. आणि फिनाईल तर अजिबात नको.’

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाजी चिरत होते, मी मान वर केली नाही.

दोन दिवस त्या टबाकडे पाठ करून राहिल्या. तिसऱ्या दिवशी औषध कसलं, अशी चौकशी झाली. तांब्याचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे मी रोज सकाळी लोट्यातून पिते तेच. मग त्यात एवढं काय घाबरून राहिला तू?’ नवऱ्याने समजावून सांगितलं की जास्त झालं तर मासे मरतात आणि कमी पडलं तर परजीवी वाचतात. हे ताईंना एकदम पटलं. चहात साखर आणि मुलांना धाक, दोन्हीबाबत त्यांचं हेच मत होतं.

त्यानंतर बाथरूममधून आवाज यायला लागले. मुलगी मला दाराशी ओढून घेऊन गेली. ‘सुनो ना. बुआ क्लास ले रही हैं.’ आत ताई डॅमसेलला सांगत होत्या, ‘त्या दोघांले खाऊ दे आधी. तू मोठा शहाणा.’ पुढे पाणी बदलायच्या वेळी त्या स्टुलावर बसून सूचना करू लागल्या. कल्ल्यावरचे ठिपके कमी झालेले आणि डॅमसेलने बारक्या क्लाउनफिशचं शेपूट कुरतडलेलं त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं.

मासे टवटवीत दिसू लागल्यावर नवऱ्याचा धीर सुटला. एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘आता बरे झालेत. औषध बंद करतो. बिचाऱ्यांना किती दिवस त्या टबात ठेवायचं?’

मी काही बोलणार तेवढ्यात ताईंनी चष्मा काढला.

‘मी बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी सोडली होती, तेव्हा फोनवर कोण ओरडलं होतं?’

‘ते वेगळं, ताई.’

‘काय वेगळं आहे? मले गोळी, त्याईले सुट्टी?’

नवऱ्याने माझ्याकडे आशेने बघितलं. मी म्हटलं, माझा विषय माणसांचा. औषध चालू राहिलं.

ताई नागपूरला परत गेल्या तेव्हा मासे अजून टबातच होते. औषधाचा महिना संपला होता, ते साध्या खाऱ्या पाण्यात आले होते, पण हॉलमधली टाकी अजून रिकामी ठेवायची होती. निघताना त्यांनी आमच्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘थांबा जरा’ म्हणून बाथरूममध्ये एक चक्कर मारून आल्या.

होळी उलटून गेल्यावर एका रविवारी नवऱ्याने तिघांना मोठ्या टाकीत सोडलं. मुलीने फोनवरून ताईंना दाखवायला सुरुवात केली. क्लाउनफिश आधी कोपऱ्यात दबकून राहिले, मग एकमेकांना धरून हळूहळू दगडापर्यंत आले. डॅमसेलने आल्या आल्या एका गोगलगाईवर हल्ला केला.

‘बुआ, दिख रहा है?’

‘दिसून राहिलं. जरा जवळ ने. त्या बारक्याचं शेपूट नीट आलं का?’

‘आलं, ताई,’ नवरा म्हणाला. तो खुर्ची ओढून काचेपाशी बसला होता आणि ताई तिकडून बोलत होत्या, की खायला कमी घाल, तुझा हात सैल आहे. तो मान डोलावत होता. मी चौघांसाठी पोहे भिजवले, आणि ताई नागपुरात आहेत हे मूठभर पोहे जास्त भिजल्यावर लक्षात आलं.